ग्रंथालयातले विद्यार्थी पाहायला शिकताना: महाविद्यालयीन ग्रंथपालांसाठी क्षेत्रकार्याची पहिली वाटचाल

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक मुलगी रोज सकाळी दार उघडताच येत असे. नोंदवहीत सही करी, टोकन घेऊन बॅग ठेवी, ज्या एका टेबलाजवळच्या भिंतीतला प्लग चालू आहे तिथे जाऊन बसे आणि अकराच्या तासाची घंटा झाली की निघून जाई. नोंदवहीच्या हिशेबाने ती आमची सर्वांत नियमित वाचक होती. देवघेवीच्या नोंदी पाहिल्या तर तिने वर्षभरात एकही पुस्तक घरी नेले नव्हते, म्हणजे त्या हिशेबाने ती ग्रंथालय वापरतच नव्हती. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या आणि दोन्हींवरून तिच्याविषयी काहीच कळत नव्हते. पुढे तिच्याशी निवांत बोलल्यावर समजले की ती बदलापूरहून येते, उशिराच्या गाडीत दारात पाय ठेवायलाही जागा मिळत नाही म्हणून सातच्या आधीची गाडी पकडते, आणि तास सुरू होईपर्यंत बसायला, फोन चार्ज करायला व आदल्या दिवसाची वही पुरी करायला तिला या शहरात दुसरी जागा नाही.

दरवर्षी आपण सगळेच विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे अर्ज भरून घेतो. 'ग्रंथालयातील सुविधांबाबत आपण समाधानी आहात काय' या प्रश्नापुढच्या पाच चौकटींपैकी चौथीवर खूण होते, तिचा आलेख निघतो आणि तो महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये जातो. या अर्जांना माझा विरोध नाही, कारण किती जण आले हे मोजायला ते लागतातच. परंतु विद्यार्थी तिथे येऊन काय करतो, का येतो आणि येत नाही तेव्हा कुठे असतो, हे त्या चौकटींत मावत नाही. त्यासाठी माणसांमध्ये राहून त्यांचे रोजचे वागणे पाहण्याची, ऐकण्याची आणि नोंदवण्याची जी पद्धत लागते तिला पाठ्यपुस्तकांत मानवजातिवर्णन असा भारदस्त शब्द आहे. रोजच्या बोलण्यात आपण एथ्नोग्राफीच म्हणतो आणि या लेखातही मी तोच शब्द वापरणार आहे. मी ग्रंथालयशास्त्राची पदवीधर आहे आणि समाजशास्त्र माझा विषय कधीच नव्हता. एक संपूर्ण सत्र धडपडत हा अभ्यास केल्यानंतर, सुरुवातीलाच कोणी सांगितले असते तर माझे दोन महिने वाचले असते अशा गोष्टी पुढे क्रमाने लिहिल्या आहेत.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे, कारण परवानगी मागताना 'हे कोणी केले आहे का' असा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००४ ते २००६ या काळात नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानवशास्त्रज्ञ बाईंना सोबत घेऊन आपल्याच पदवीच्या विद्यार्थ्यांचा असा अभ्यास केला आणि २००७ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यानंतर २००८ ते २०१० या काळात इलिनॉय राज्यातल्या पाच विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून 'एरियल' नावाचा प्रकल्प चालवला. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली, आणि आराखडा काढण्यापूर्वी शहर पायी फिरून पाहावे हा त्या नगररचनाकाराचा आग्रहच होता. वाचनकक्षाची फेररचना करण्यापूर्वी वाचनकक्षात बसून पाहावे, इतकीच आपली मागणी आहे.

१. प्रश्नाची सुरुवात विद्यार्थ्याच्या दिवसापासून करा

माझा पहिला प्रश्न होता, 'विद्यार्थी ग्रंथालयाचा पुरेसा वापर का करीत नाहीत?' या प्रश्नातच तक्रार दडलेली आहे, हे मला एका ज्येष्ठ प्राध्यापिकांनी दाखवून दिले. 'पुरेसा' किती, ते कोणी ठरवले, आणि 'का करीत नाहीत' असे विचारल्यावर समोरचा सबबीशिवाय दुसरे काय सांगणार? त्यांच्या सूचनेवरून मी प्रश्न बदलला: 'तृतीय वर्षाचा विद्यार्थी एखादा प्रकल्प लिहून देईपर्यंत कुठे कुठे जातो, कोणाला विचारतो आणि त्या वाटेवर ग्रंथालय कुठे लागते?' अशा प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी पाहता येते आणि त्यात ग्रंथालय लागलेच नाही, तर तेही उत्तरच असते.

प्रश्न एकच ठेवा, फार तर दोन. जागेचा वापर, ई-संसाधनांचा वापर, परीक्षेच्या काळातली गर्दी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या अडचणी हे सगळे एकाच अभ्यासात कोंबायचा मोह होतो. त्यांतला प्रत्येक विषय स्वतंत्र सत्राचा ऐवज आहे.

२. परवानग्या आणि संमती लेखी घ्या

या पायरीवर मी सपशेल चुकले. प्राचार्यांनी जाता जाता 'करा की' म्हटले आणि मी ती परवानगी मानून कामाला लागले. तिसऱ्या आठवड्यात एका शिक्षकांनी, वाचनकक्षात विद्यार्थ्यांच्या नोंदी कोणाच्या अनुमतीने घेतल्या जात आहेत, असा लेखी प्रश्न केला. त्यांचे म्हणणे योग्यच होते. तोवरची सर्व टिपणे मला बाजूला ठेवावी लागली आणि ती मी पुढेही वापरली नाहीत.

म्हणून प्रथम प्राचार्यांच्या नावे अर्ज करा आणि त्यासोबत दोन पानी संशोधन आराखडा जोडा. तो ग्रंथालय समितीच्या बैठकीत ठेवून इतिवृत्तात नोंद करून घ्या. संस्थेची संशोधन नैतिकता समिती असेल तर तिची मान्यता घ्या. लहान महाविद्यालयांत अशी समिती बहुधा नसते. तेव्हा ग्रंथालयाशी संबंध नसलेल्या दोन ज्येष्ठ शिक्षकांना आराखडा वाचायला द्या आणि त्यांचा अभिप्राय लेखी घेऊन फाइलला लावा.

विद्यार्थ्यांच्या संमतीचे दोन भाग असतात. वाचनकक्षातल्या सर्वसाधारण निरीक्षणासाठी प्रवेशद्वाराशी ठळक सूचना लावावी, तीत निरीक्षणाचे दिवस, हेतू आणि नाव न नोंदवण्याची हमी असावी, आणि ज्यांना आपली नोंद नको असेल त्यांनी कोणाला सांगावे हेही लिहावे. मुलाखत, दैनंदिनी आणि छायाचित्रे यांसाठी मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र संमतिपत्र लागते. ते एका पानाचे आणि मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावे. त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे: 'आपण दिलेल्या माहितीचा दंड, नो ड्यूज, हजेरी अथवा अंतर्गत गुण यांच्याशी कोणताही संबंध राहणार नाही.' हे वाक्य घालण्यापूर्वी एका मुलाने मुलाखतीला बसतानाच खिशातून दोन महिने थकलेले पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले होते. त्याला वाटले, त्याच्यासाठीच बोलावले आहे.

मुंबईत एक खाचखळगा फार जवळचा आहे. आपल्या बहुतेक महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असते आणि अकरावी-बारावीची मुले त्याच टेबलांवर बसतात. ती अठरा वर्षांखालची असल्याने त्यांच्या मुलाखतीसाठी पालकांची संमती हवी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालकच धरली आहे. प्रथम वर्षाला आलेला विद्यार्थीही काही वेळा सतराच वर्षांचा असतो, त्यामुळे चेहऱ्यावरून अंदाज न बांधता जन्मतारीख विचारावी. पहिल्याच अभ्यासात द्वितीय व तृतीय वर्षापुरते राहणे उत्तम.

३. जवळ काय काय लागते

खर्च फारसा नाही. कागदपत्रांत प्राचार्यांचे मान्यतापत्र, समितीच्या इतिवृत्ताची प्रत, संमतिपत्रांचा गठ्ठा, प्रवेशद्वारावरची सूचना आणि सहभागी विद्यार्थ्यांची सांकेतिक यादी इतके लागते. खरी नावे आणि संकेत जुळवणारी ही यादी टिपणांच्या वहीत ठेवायची नसते; ती वेगळ्या, कुलपाच्या खणात असावी.

साहित्यात वाचनकक्षाच्या आराखड्याच्या झेरॉक्स प्रती, टेबल-खुर्च्या, पंखे, प्लग आणि खिडक्या यांच्या जागांसह, निदान पन्नास तरी हव्यात. खिशात मावेल अशी वही, पेन्सिल, ध्वनिमुद्रणाची सोय असलेला फोन आणि मोठे कोरे कागद व जाड पेनेही लागतील. फोन शक्यतो रोजच्या वापरातला नसावा, कारण भर मुलाखतीत घरून फोन आला की मुद्रण तुटते आणि ते तुटल्याचे आपल्याला संध्याकाळी कळते. संगणकावर टिपणे लावायला टॅगेट हे मोफत साधन पुरते. ते नको असेल तर रंगीत पेने आणि कात्रीही चालतात, मी निम्मे काम तसेच केले.

वेळेचा हिशेब मात्र नीट करा. तासाभराच्या मुलाखतीचे शब्दांकन करायला मला सरासरी पाच तास लागले आणि ते काउंटर सांभाळून करायचे होते. आठवड्याला एकाहून अधिक मुलाखत ठरवू नका.

४. बसा, पाहा आणि त्याच रात्री लिहा

निरीक्षणाचे वेळापत्रक आखताना शैक्षणिक दिनदर्शिका समोर ठेवा. गणपतीच्या आधीचा आठवडा, एटीकेटीच्या परीक्षा, महोत्सवाचे दिवस आणि धो-धो पावसात गाड्या बंद पडलेला दिवस या सगळ्यांत वाचनकक्षाचे रूप वेगवेगळे असते. मी सत्राच्या मध्यातले दोन साधे आठवडे आणि परीक्षेपूर्वीचा एक आठवडा निवडला. फक्त परीक्षेच्या काळात पाहिले असते तर ग्रंथालयाला खुर्च्यांखेरीज दुसरे काही कमी नाही, असाच निष्कर्ष निघाला असता.

दर तासाला एक फेरी मारून आराखड्याच्या प्रतीवर कोणत्या खुर्चीवर कोणी बसले आहे, समोर पुस्तक आहे, वही आहे, फोन आहे की लॅपटॉप, एकटे की गटात, एवढेच खुणांनी नोंदवायचे. पाच-सहा दिवसांचे कागद एकमेकांशेजारी मांडले की काही गोष्टी आपोआप डोळ्यांत भरतात. आमच्याकडे 'शांतता कक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत कुजबुज चालू असे आणि सामान्य वाचनकक्षाच्या दोन कोपऱ्यांत कमालीची शांतता असे. पंखा, प्लग आणि काउंटरची नजर या तीन गोष्टींवरून विद्यार्थ्यांनी स्वतःची मांडणी केव्हाच करून टाकली होती.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात एका जागी बसून सविस्तर टिपण करायचे. इथे नवखा माणूस जी चूक करतो ती मीही केली. माझ्या पहिल्या दिवसाच्या वहीत एक ओळ आहे: 'मुले टाइमपास करीत होती.' ही नोंद नव्हे, हा शेरा आहे. आठवड्याभराने मी लिहू लागले ते असे:

'११.२०. खिडकीजवळचे टेबल. चार मुलगे, मध्ये एकच पाठ्यपुस्तक. एकाने पानाचा फोटो काढला, फोन शेजाऱ्याला दिला, त्याने दोन बोटांनी मोठे करून पाहिले, मान डोलावली. आणखी सहा पानांचे फोटो. हसणे. परिचर काकांनी 'हळू' म्हटले. ११.२९ ला पुस्तक काउंटरवर परत.'

यात मत कुठेच नाही, पण नंतर याच नोंदीचा धागा धरून विचारले तेव्हा कळले की ते फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर जातात आणि पुढच्या तासापूर्वी अख्खी तुकडी तीच पाने वाचते. आमच्या नोंदीत त्या पुस्तकाचा वापर एका विद्यार्थ्याने नऊ मिनिटे केला, असे होते. वहीचे पान मध्ये रेघ मारून विभागा: डावीकडे दिसले-ऐकले ते, उजवीकडे आपल्याला वाटले ते. उजवी बाजू रिकामी राहिली तरी बिघडत नाही.

जागेवर केलेल्या तुटक नोंदी त्याच रात्री पूर्ण वाक्यांत लिहून काढा. दुसऱ्या दिवशीपर्यंत निम्मे विसरते आणि उरलेले निम्मे आपण नकळत रचतो.

आणखी एक सूचना, जी मला कोणत्याही मार्गदर्शिकेत आढळली नव्हती: आधी ग्रंथालय परिचरांशी बोला. लेखापरीक्षणशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक मला तिसऱ्यांदा विश्वकोशाच्या खंडांमागे सापडले, तेव्हा मी वहीत 'पुस्तक चुकीच्या जागी' असे लिहिले. आमचे परिचर काका बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, 'मॅडम, चुकून नाही हो, ठेवलंय ते.' एकच प्रत आहे, घरी नेता येत नाही, म्हणून जिला उद्या पुन्हा हवी ती मुलगी प्रत लपवून जाते आणि तिच्या मैत्रिणींना जागा ठाऊक असते. काकांना अशा सहा जागा माहीत होत्या. वीस वर्षे ते रोज संध्याकाळी ती पुस्तके काढून फळीवर लावत होते आणि त्यांना याविषयी कोणी कधी विचारले नव्हते.

५. दिवसाचा नकाशा आणि छायाचित्रे

रॉचेस्टरच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना परिसराचा नकाशा देऊन, दिवसभरात कुठे कुठे गेलात ते वेळांसह त्यावर उतरवायला सांगितले होते. तिथले बरेच विद्यार्थी परिसरातच राहतात. मी हीच युक्ती जशीच्या तशी उचलली आणि तोंडघशी पडले, कारण आमच्या विद्यार्थ्याच्या दिवसातला जेमतेम तिसरा हिस्सा परिसरात जातो. महाविद्यालयाच्या नकाशावर दोन टिंबे पडली आणि बाकी सारे नकाशाबाहेर राहिले.

मग मी आडव्या कागदावर मध्य, हार्बर आणि पश्चिम रेल्वेच्या तीन रेघा ओढल्या, स्थानके लिहिली, महाविद्यालय आणि घर यांसाठी मोकळ्या चौकटी ठेवल्या आणि खाली चार स्तंभ दिले: वेळ, जागा, सोबत कोण, हातात काय. या कागदांनी मला सर्वांत जास्त शिकवले. एका मुलीने लिहिले होते की परतीच्या धीम्या गाडीत मुलुंडपर्यंत उभी, तिथे बसायला मिळाले, तिथून कल्याणपर्यंत फोनवर पीडीएफ. दिवसातले तिचे सलग वाचन एवढेच होते. दुसऱ्याच्या कागदावर महाविद्यालय सुटल्यानंतर तीन तास शिकवणीत शिकवणे आणि रात्री दहानंतर वस्तीतल्या अभ्यासिकेत बसणे होते, कारण घरी एका खोलीत पाच माणसे आणि टीव्ही. आमचे ग्रंथालय संध्याकाळी साडेपाचला बंद होते.

छायाचित्रांसाठी विद्यार्थ्याला दहा-बारा विषयांची यादी द्या आणि आठवडाभराची मुदत द्या. रॉचेस्टरमध्ये यासाठी एकदाच वापरायचे कॅमेरे दिले होते, आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. यादीत 'नेहमी बॅगेत असणाऱ्या वस्तू', 'अभ्यास करता ती जागा', 'ग्रंथालयातली आवडती जागा', 'जिथे गोंधळायला होते अशी जागा', 'अभ्यासाचे वेळापत्रक ठेवता ती वस्तू' असे विषय असावेत. गोंधळायला होणाऱ्या जागेचा फोटो म्हणून मला चौघांनी ओपॅकच्या, म्हणजे पुस्तके शोधायच्या संगणकीय सूचीच्या, संगणकाचा पडदा पाठवला, आणि एकाने माझ्या केबिनचे दार.

सक्त ताकीद द्यायची ती एकच: फोटोत दुसऱ्या माणसाचा चेहरा नको, आणि महिलांच्या डब्यात तर फोन उचलायचाच नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर न मागवता विद्यार्थ्याने भेटीच्या वेळी आपल्या फोनवरच दाखवावेत आणि हवे तेवढेच तुम्हाला द्यावेत.

६. मुलाखत घेताना ग्रंथपालाने स्वतःला कुठे ठेवावे

ही पायरी सर्वांत अवघड आहे, कारण दंड घेणाराच प्रश्न विचारीत असतो. काउंटरमागे बसणाऱ्या मॅडमनी 'ग्रंथालय कसे वाटते' म्हटले की 'खूप छान आहे, मॅडम' याखेरीज उत्तर येत नाही. पहिल्या तीन मुलाखतींचे शब्दांकन करून झाल्यावर माझ्या लक्षात आले की त्यांत कौतुकाशिवाय काहीच नाही. यावर मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे अदलाबदल. जवळच्या दुसऱ्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना हाच अभ्यास करायचा होता. त्यांनी आमच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि मी त्यांच्या. दोन्ही प्राचार्यांची लेखी अनुमती लागली, एक आठवडा गेला, पण मुले मोकळी बोलली. असे जमणार नसेल तर निदान मुलाखत ग्रंथालयाबाहेर घ्या. रिकामा वर्ग चांगला. कॅन्टीनमध्ये बसलात तर ध्वनिमुद्रणात केवळ कपबश्या ऐकू येतील.

निवड करताना फक्त ग्रंथालयात भेटणाऱ्यांनाच विचारणे हा नेहमीचा सापळा आहे. जे येत नाहीत ते कट्ट्यावर, जिमखान्यात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीत आणि जिन्याच्या पायऱ्यांवर सापडतात. तिथे जाऊन, एखाद्या विद्यार्थ्याच्या ओळखीने, विचारावे लागते. किती जणांशी बोलावे याला ठरीव आकडा नाही. नव्या मुलाखतीत नवे काही ऐकू येईनासे झाले की थांबावे. माझ्या बाबतीत ते चौदाव्या मुलाखतीच्या सुमारास झाले.

'तुम्ही साधारणपणे कसा अभ्यास करता' असे विचारले की मूल आदर्श विद्यार्थ्याचे वर्णन करते. त्याऐवजी 'काल सकाळी उठल्यापासून सांगा' किंवा 'मागचा प्रकल्प कोणत्या विषयावर होता, तो विषय मिळाल्या दिवसापासून काय काय केले' असे नेमके विचारा. याच टप्प्यावर कोरा कागद आणि जाड पेन पुढे करावे आणि त्या प्रकल्पाचा प्रवास चित्रातून काढायला सांगावा. ही पद्धतही रॉचेस्टरची आहे आणि ती इथे उत्तम चालते, कारण बोलायला लाजणारी मुले चित्र काढता काढता बोलू लागतात. एका मुलाने गुगल, मग युट्यूब, मग 'ताई' अशी घरे काढली होती. ताई म्हणजे शेजारच्या इमारतीतली, दोन वर्षांपूर्वी हीच पदवी घेतलेली मुलगी, जी तिचे जुने प्रकल्प देते. ग्रंथालयाचे घर शेवटी, बाइंडिंगवाल्याच्या अलीकडे होते. संदर्भसूचीत पुस्तकांची नावे लागतात, ती घ्यायला तो आला होता.

इलिनॉयच्या अभ्यासातही विद्यार्थी मदतीसाठी ग्रंथपालाकडे फार क्वचित वळतात, असे आढळले होते. ते वाचताना मला वाटले होते, तिकडची गोष्ट निराळी. महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके पुरवणाऱ्या एन-लिस्टचा लॉगिन कसा मिळतो हे तृतीय वर्षाच्या मुलीने सुरक्षारक्षकाला विचारले होते, हे ऐकल्यावर तसे वाटेनासे झाले.

भाषेचा आग्रह धरू नका. मराठीत सुरुवात झाली, मध्ये हिंदी आली आणि विषयाच्या संज्ञा इंग्रजीत आल्या, तर शब्दांकनातही ते तसेच ठेवा. शुद्ध मराठी करून लिहिलेत तर 'मॅम, लायब्ररीत जायला भारी वाटतं, पण मागायला भीती वाटते' या वाक्यातले वजन निघून जाईल. आणि उत्तर अडले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत मोजा. गप्प राहणे ग्रंथपालाला जमायला हरकत नाही, आपण आयुष्यभर इतरांना तेच सांगत आलो आहोत.

७. टिपणांचा अर्थ लावणे

सत्र संपताना हाती वह्या, आराखडे, नकाशे, चित्रे आणि शब्दांकने यांचा ढीग जमतो. तो प्रथम कुठलाही शोध न घेता एकदा सलग वाचा. दुसऱ्या वाचनात समासात छोटी नावे द्या: 'वेळ भरून काढणे', 'जागा राखणे', 'विचारायची भीती', 'फोटोतून वाचन'. अशी साठ-सत्तर नावे होतील. मग जवळची एकत्र आणून आठ-दहा गटांवर या. यालाच संकेतन म्हणतात. ही बैठक एकट्याने करू नका. ग्रंथालयाबाहेरचा एक माणूस, शक्य तर समाजशास्त्राचे शिक्षक आणि एक परिचर सोबत घ्या. मी 'शिस्तीचा अभाव' असे नाव दिलेल्या गटाला काकांनी 'जागा पुरत नाही' म्हटले आणि टिपणे पुन्हा पाहिल्यावर त्यांचेच खरे निघाले.

दोन गोष्टी टाळा. चौदा मुलाखतींवरून टक्केवारी काढू नका. किती जण तसे करतात हे या पद्धतीने कळत नाही, ते कसे आणि कशापायी करतात हे कळते. आणि आपल्या निष्कर्षात न बसणारा विद्यार्थी अपवाद म्हणून सोडून देऊ नका. सर्व जण प्लगसाठी भांडत असताना एक मुलगा मुद्दाम प्लग नसलेले टेबल निवडत असे, कारण फोन बंद पडावा हीच त्याची इच्छा होती. त्याच्यामुळे आमच्या शिफारशीत काही टेबले तशीच ठेवण्याचा मुद्दा आला.

प्रती जपण्याविषयी एक खरी घटना सांगण्यासारखी आहे. मुंबई विद्यापीठातच घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात केलेल्या क्षेत्रकार्याच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० साली स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत जळाल्या, कारण तिन्ही एकाच ठिकाणी होत्या. पुढे त्यांनी त्या गावावरचे पुस्तक मुख्यतः स्मृतीवरून लिहिले. आपली स्मृती तेवढी नाही, असे धरून चालावे आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. त्या गावाला त्यांनी दिलेले 'रामपुरा' हे नावही बदललेलेच होते.

८. समितीपुढे काय आणि कसे ठेवावे

नाव बदलल्याने ओळख लपतेच असे नाही. 'तृतीय वर्ष संस्कृतची विद्यार्थिनी' असे लिहिलेत आणि त्या वर्गात एकच मुलगी असेल, तर नाव छापल्यासारखेच आहे. शाखा, राहण्याचे ठिकाण आणि वर्ष यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की थांबून पाहा. या लेखाच्या सुरुवातीची मुलगी बदलापूरचीच आहे असे समजू नका.

अहवाल दहा पानांच्या आत ठेवा. समितीतले सदस्य तो बैठकीच्या खुर्चीत बसूनच चाळतात, हे वास्तव आहे. प्रत्येक निष्कर्षासोबत एक दृश्य किंवा विद्यार्थ्याचे एक वाक्य द्या आणि त्याखाली काय करावे ते खर्चासह लिहा. आम्ही चार गोष्टी मागितल्या: दार अर्धा तास आधी उघडणे, आठ नवे प्लग, लपवली जाणारी सहा पाठ्यपुस्तके प्रत्येकी तीन प्रतींत घेणे आणि काउंटरवर 'कोणताही प्रश्न विचारा' या पाटीऐवजी नेमक्या प्रश्नांची पाटी लावणे, जसे 'एन-लिस्टचा लॉगिन इथे मिळेल'. वाचकाचा वेळ वाचवावा हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र आपण ग्रंथपाल दिनी, १२ ऑगस्टला, फलकावर लिहितो, तेव्हा दार लवकर उघडण्याला समितीत कोणी विरोध करू शकले नाही. प्लगांचा प्रस्ताव वीजजोडणीच्या भाराचे कारण देऊन पुढे ढकलला गेला आणि अजून तिथेच आहे. पाठ्यपुस्तके आली. तरी त्यांतले एक परवा पुन्हा विश्वकोशामागे सापडले, त्यामुळे तिथे आणखी काहीतरी चालू आहे आणि ते मला अद्याप पाहायचे आहे.

समितीपूर्वी अहवालाचा गोषवारा सहभागी विद्यार्थ्यांना एकत्र बोलावून वाचून दाखवा. दोन ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केले आणि एका मुलीने आपले वाक्य काढून टाकायला सांगितले. ते कारण न विचारता काढले. त्यांनी काढलेल्या चित्रांच्या मूळ प्रती त्यांना परत करा. ध्वनिमुद्रणे पुसण्याची जी तारीख संमतिपत्रात दिली असेल, त्या दिवशी ती फोनवरून, संगणकावरून आणि दुसऱ्या इमारतीतल्या प्रतीवरूनही पुसा, खऱ्या नावांची यादी फाडा आणि तसे केल्याची नोंद समितीच्या पुढच्या इतिवृत्तात घ्या.